माल वऱ्हाडाचा, नाव दुसऱ्याचे : परदेशी बाजारासाठीचा सरकारी आधार कोणाला मिळतो?

वरुड, मोर्शी, चांदूरबाजार भागातील संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. तिथल्या सरकारने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवत नेले. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेले शुल्क २०२३ मध्ये ८८ रुपयांपर्यंत गेले. निर्यात घटली आणि त्याचा फटका थेट बागेतल्या भावाला बसला. मग राज्य सरकारने या शुल्काच्या निम्मे, म्हणजे किलोमागे ४४ रुपये अनुदान जाहीर केले.

अशा मदतीचा हिशेब निर्यातीच्या कागदपत्रांवर होतो. ज्याच्या नावाने माल सीमा ओलांडतो, तो सरकारच्या लेखी निर्यातदार. बाग राखणारा शेतकरी, संत्री तोडणारा मजूर, पेट्या भरणारी बाई यांचे नाव त्या कागदावर नसते. आपल्या समाजातील तरुण उद्योगात उतरत असताना ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

परदेशी बाजारात उतरणाऱ्याला सरकार साधारण तीन प्रकारे आधार देते.

पहिला आधार ओळखीचा. परदेशातील व्यापारी प्रदर्शनात जाण्यासाठी विमानभाडे आणि स्टॉलच्या भाड्यात मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय एससी-एसटी हब सुरू झाले. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ ते चालवते. त्यातही अशी मदत आहे. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्यामुळे हे दार आपल्यालाही उघडे आहे. भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा लागतो.

दुसरा आधार पैशाचा. १९८२ पासून काम करणारी एक्झिम बँक निर्यातीला आणि भारतीय कंपन्यांच्या परदेशातील गुंतवणुकीलाही कर्ज देते. उद्या अकोल्याच्या एखाद्या डाळमिल मालकाला आफ्रिकेत, जिथे तूर पिकते तिथेच, कारखाना काढायचा असेल तर २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. भारतीय कंपनीला आपल्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत रक्कम साधारणपणे रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय, अधिकृत बँकेमार्फत गुंतवता येते. मात्र आधी मालमत्ता असली पाहिजे. पहिल्या पिढीच्या उद्योजकाची अडचण नेमकी इथेच असते.

तिसरा आधार विम्याचा, आणि आपल्याकडे याचीच माहिती सर्वात कमी आहे. केंद्र सरकारच्या मालकीची ईसीजीसी ही संस्था १९५७ पासून निर्यातदाराची जोखीम उचलते. परदेशी खरेदीदाराचे दिवाळे निघाले, त्याने पैसे थकवले, तिथे युद्ध पेटले किंवा तिथल्या सरकारने पैसे बाहेर पाठवण्यावर बंदी घातली, तर नुकसानीचा ठरलेला हिस्सा भरून मिळतो. लहान निर्यातदारांसाठी वेगळी पॉलिसी आहे. परदेशात कारखाना टाकणाऱ्यालाही युद्ध, सरकारी जप्ती आणि नफा मायदेशी आणण्यावरील बंदी यांसाठी विमा मिळतो.

पण हा विमा काय भरून देत नाही, तेही ध्यानात ठेवावे. मालाच्या दर्जावरून झालेला वाद त्यात बसत नाही. वाटेत संत्री सडली, तर फळाच्या अंगच्या नाशवंतपणाचे नुकसान त्यात येत नाही. रुपयाचा भाव हलला तर तो तोटाही आपलाच. आणि शुल्क वाढल्यामुळे गिऱ्हाइकाने मागणीच कमी केली, तर विम्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून संत्र्याच्या वेळी राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागले.

निर्यातीचा फायदा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात तो मांडला आहे. रुपया घसरला की निर्यात करणाऱ्याला लाभ होतो, पण तो मजुरी कमावणाऱ्याच्या खिशातून येतो, कारण महागाई वाढते तशी मजुरी वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी मदतीलाही हीच कसोटी लावायला हवी : शेवटच्या माणसापर्यंत ती किती पोचते?

आमच्या मते यावर दोन बाजूंनी काम व्हावे. सरकारकडे मागणी ही की निर्यात अनुदान देताना शेतकऱ्याला मिळालेल्या भावाची आणि मजुरीची नोंद सक्तीची करावी, आणि ईसीजीसी, एक्झिम बँक, एससी-एसटी हब यांची माहिती शिबिरे अमरावती आणि अकोल्यात नियमित घ्यावीत. मोठ्या शहरातल्या सभागृहात दिलेली माहिती दर्यापूर, मूर्तिजापूरपर्यंत येत नाही.

आपल्या बाजूने करायचे काम कागदाचे आहे. उद्यम नोंदणी मोफत होते. आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. केंद्राच्या योजनांसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. एकट्याला झेपत नसेल तर दहा-वीस जणांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढावी आणि कोड तिच्या नावाने घ्यावा.

कोड घेतला म्हणजे लगेच गिऱ्हाईक मिळेल असे नाही. सुरुवातीला माल थोडाच जाईल, काही सौदे फसतीलही. पण वऱ्हाडातून कापूस दीडशे वर्षांहून अधिक काळ परदेशी जातो आहे, आणि त्या व्यापारात आपल्या माणसांच्या वाट्याला बहुतेक हमालीच आली. पुढच्या हंगामात संत्र्याचा ट्रक निघेल तेव्हा निर्यातदाराच्या रकान्यात आपल्यापैकी कोणाचे तरी नाव असावे, यासाठी आतापासूनच तयारीला लागू या.