‘माय फेअर लेडी’ : न पाहिलेल्या नाटकाच्या आठवणी

‘माय फेअर लेडी’च्या जुन्या चाहत्यांना बोलतं केलं, की त्यांतले कितीतरी जण नाटक पाहिल्याचं नव्हे, ऐकल्याचं सांगतात. घरात आलेली एलपी आणि वेष्टणावरचं अल हर्शफेल्डचं रेखाचित्र त्यांना आजही लख्ख आठवतं. ढगात बसलेला दाढीवाला नाटककार बर्नार्ड शॉ उच्चारशास्त्राच्या प्राध्यापक हिगिन्सला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवतो आहे, आणि हिगिन्स त्याच्याकडे शुद्ध बोलायला शिकणाऱ्या फुलवाल्या एलायझाला. प्रत्यक्ष प्रयोग न पाहताच इतक्या माणसांना पाठ झालेलं नाटक क्वचितच सापडेल.

हे संगीतक शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावर बेतलेलं. शॉ हयात असता तर ते घडलंच नसतं. ‘आर्म्स अँड द मॅन’वरून ‘द चॉकलेट सोल्जर’ हा ऑपेरेटा निघाल्यापासून आपल्या नाटकांना संगीत लावायला तो साफ नकार देत असे. १९५० साली तो गेला. ‘पिग्मॅलियन’वर रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्यासारख्या दिग्गजांनीही प्रयत्न करून हात टेकले होते. अ‍ॅलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोवे यांनी मात्र शॉचे संवाद शक्य तिथे जसेच्या तसे ठेवले आणि गाणी त्यांच्या ओघात बसवली. १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंगर थिएटरात पडदा वर गेला. पुढे २,७१७ प्रयोग झाले, आणि ब्रॉडवेवर तोवर कुठलंही संगीतक एवढं चाललं नव्हतं.

निर्मितीचं भांडवल सीबीएसने घातलं होतं. त्यांच्याच कोलंबिया कंपनीच्या गॉडर्ड लिबरसनने पडदा उघडून दहा दिवस होतात न होतात तोच, एका रविवारी सगळी मंडळी ध्वनिमुद्रणाला बसवली. ही एलपी अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत एकूण ४८० आठवडे टिकली. त्या काळी ब्रॉडवेचं तिकीट मिळणं दुरापास्त होतं. रेकॉर्ड मात्र गावोगावच्या दुकानात मिळत होती.

ती ऐकताना ज्युली अँड्र्यूजचं वय आठवावं. ती वीस वर्षांची होती. तालमींत एलायझा तिच्या हाती लागेना, तेव्हा दिग्दर्शक मॉस हार्टने बाकी सगळ्यांना सुट्टी देऊन शनिवार-रविवार फक्त तिच्याबरोबर घालवला आणि ओळ न् ओळ घासून घेतली. ‘जस्ट यू वेट’मध्ये ती मास्तरला शिव्याशाप देते, तेव्हा आवाजात खरा राग असतो, आणि मधेच राजदरबाराचं स्वप्न रंगवताना तोच आवाज लाडिक होतो. नंतर ‘द रेन इन स्पेन’. शिकवणी चालू आहे, रात्र उलटून गेलेली, सगळेच थकलेले, आणि अचानक तिचे उच्चार सुधारतात. आधी ती हळूच म्हणते, हिगिन्स पुन्हा म्हणायला लावतो, आणि बघता बघता खोलीत स्पॅनिश नाच सुरू होतो. माझ्या मते संगीतकाचं सगळं मर्म या दोन-तीन मिनिटांत आहे. गाणं काढून टाकलं तर कथाच अडते. आपल्या संगीत नाटकात पद रंगवायला कथा थांबते आणि आपण खुशीने थांबतो. इथे कथाच गाण्यातून पुढे सरकते.

हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन रूढ अर्थाने गायक नव्हता. तो बोलता बोलता सुराला स्पर्श करी आणि वाद्यवृंद त्याला सांभाळून घेई. न्यूयॉर्कपूर्वी न्यू हेवनला झालेल्या पहिल्या प्रयोगाआधी तो वाद्यवृंदाच्या धास्तीने रंगमंचावर जायलाच तयार नव्हता. त्याच मुक्कामी ‘ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह’ पडलं. गाणारा हा तरुण कोण, हेच लोकांना उमगेना. लर्नरने सुरुवातीचे शब्द बदलून एलायझावर भाळलेल्या फ्रेडीची ओळख पटवून दिली, आणि जे गाणं गाळायचं चाललं होतं ते घराघरांत पोहोचलं.

चाहत्यांचे वाद अजून मिटलेले नाहीत. १९६४ च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न दिसते आणि बहुतेक गाण्यांत मार्नी निक्सन ऐकू येते. ज्युलीला डावललं याची सल जुन्या मंडळींना आजही आहे. लंडनच्या प्रयोगानंतर १९५९ साली स्टिरिओत निघालेली रेकॉर्ड अधिक स्वच्छ आहे, म्हणून काही जण ती उचलून धरतात. मला १९५६ ची मोनोच प्रिय. त्या आवाजात अजून सरावाचा गुळगुळीतपणा आलेला नाही.

खरा वाद शेवटाचा. एलायझा हिगिन्सकडे परत येते, हे शॉला मुळीच मानवलं नसतं. ती फ्रेडीशी लग्न करते, असं त्याने नाटकाला जोडलेल्या उपसंहारात लिहून ठेवलं होतं. २०१८ साली लिंकन सेंटरमध्ये बार्टलेट शेरने तिला प्रेक्षकांमधून चालत निघून जाऊ दिलं. जुने चाहते हळहळले. ‘पिग्मॅलियन’वरूनच बेतलेल्या पुलंच्या ‘ती फुलराणी’त भक्ती बर्वेंची मंजुळा पाहिलेल्यांना तिचा ताठ कणा ठाऊक आहे. त्यांना हा शेवट पटावा. मलाही पटतो, आणि त्यासाठी लोवेचा एक सूरही बदलावा लागला नाही.