हाड सापडले; पण कुठे?

मोबाइलवर मुले जे खेळ खेळतात, त्यांत जीवाश्म खणून काढण्याचे आणि त्यांचे संग्रहालय चालवण्याचेही खेळ आहेत. त्यांचे रूप साधारणपणे असे असते : पडद्यावर जमिनीचा एक तुकडा दिसतो. त्यावर बोट टेकवले की कुदळ चालते, माती उडते आणि खालून एक हाड डोकावते. ब्रशने ते साफ करायचे. ठरलेली पाच-सहा हाडे मिळाली की सांगाडा पुरा होतो आणि संग्रहालयाच्या दालनात उभा राहतो. प्रेक्षक येतात, तिकिटांचे पैसे जमतात. त्या पैशांत नवी कुदळ घ्यायची आणि पुढच्या जागी खणायला निघायचे.

या खेळाला नावे ठेवण्याचे कारण नाही. जीवाश्म तुकड्यातुकड्यांनी मिळतात, ते नाजूक असतात, सांगाडा जुळवावा लागतो, या गोष्टी मुलांना त्यातून कळतात. पण एक गोष्ट खेळात गळून जाते आणि नेमकी तीच या शास्त्राचा कणा आहे. खेळात हाड पिशवीत पडले की खड्डा पुसला जातो. ते कोणत्या थरात होते, कशाच्या शेजारी होते, कोणत्या बाजूला वळलेले होते, याची नोंद उरत नाही. खऱ्या उत्खननात मात्र हाडाइतकीच, कित्येकदा त्याहून अधिक किंमत या नोंदीला असते. असे का, ते आपण काही खऱ्या उदाहरणांवरून पाहू.

आधी थोडी पूर्वतयारी

प्राणी मेला की त्याचे मांस कुजते, हाडे कोल्ही-कुत्री पळवतात, ऊन-पाऊस त्यांचा भुगा करतो. क्वचित एखादे कलेवर लवकर गाळाखाली गाडले जाते. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात खनिजे विरघळलेली असतात. ती हाडाच्या छिद्रांत साचत जातात आणि लाखो वर्षांनी हाडाचे रूप कायम ठेवून त्याचा दगड होतो. म्हणून जीवाश्म शोधायचे ते गाळाच्या खडकांत. महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. डायनोसॉरची हाडे आपल्याला मिळतात ती मुख्यतः पूर्व विदर्भात, त्याचे कारण हेच : तिथे त्या काळातले गाळाचे खडक उघडे पडलेले आहेत.

हाड दिसले की लगेच उपटून काढत नाहीत. आधी जागेवर दोऱ्यांनी चौकटी आखतात आणि प्रत्येक चौकटीचा नकाशा काढतात. मग छिन्नी, दाभण, ब्रश अशा हत्यारांनी भोवतालचा दगड हळूहळू काढतात. हाड ठिसूळ असेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या त्याभोवती गुंडाळतात. मोडलेल्या हाताला आपण प्लास्टर घालतो, तसेच हे. पुष्कळदा हाड भोवतीच्या दगडासकट उचलतात आणि उरलेली सफाई प्रयोगशाळेत होते. तिला महिने, कधी वर्षेही लागतात.

तीनशे हाडे, सहा प्राणी

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत (आय.एस.आय.) डायनोसॉरचा एक भव्य सांगाडा उभा आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर कसा? संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पॅमेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथे भूविज्ञानाचे काम सुरू करवले. या गटाने प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात शोध घेतला. १९६०-६१च्या सुमारास तिथे एकाच जागी सुमारे ३०० हाडे मिळाली. त्यांतले मांडीचे एक हाड दीड मीटरहून लांब होते. त्यावरून या प्राण्याला ‘बारापासॉरस’, म्हणजे मोठ्या पायाचा सरडा, असे नाव मिळाले. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांचे जन्मशताब्दी वर्ष, म्हणून पुढे ‘टागोराय’ जोडले गेले. प्राण्याचे शास्त्रीय वर्णन १९७५ साली प्रसिद्ध झाले. खणण्यापासून नाव मिळेपर्यंत चौदा-पंधरा वर्षे गेली.

ही ३०० हाडे एका प्राण्याची नव्हती. ती किमान सहा प्राण्यांची होती. हे कसे कळते? वर्गात विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. एका प्राण्याला मांडीचे डावे हाड एकच असते. ढिगात अशी तीन डावी हाडे निघाली, तर प्राणी कमीत कमी तीन. ‘कमीत कमी’ हा शब्द मुलांच्या लक्षात आणून द्यावा. चौथ्या प्राण्याचे ते हाड वाहून गेलेले असू शकते.

दुसरी नोंद अशी की हाडांबरोबर झाडांचे मोठमोठे अश्मीभूत बुंधे होते. काही हाडे जागच्या जागी जोडलेली होती, काही विस्कटलेली. यावरून अभ्यासकांनी असा अंदाज केला की पुरासारख्या आपत्तीत एक कळपच्या कळप सापडला असावा. हा अंदाज एकेका हाडाकडे पाहून करता आला नसता. तो हाडांच्या आणि बुंध्यांच्या मांडणीतून निघाला.

या प्राण्याचे काही दात मिळाले. कवटी मात्र मिळाली नाही. संग्रहालयातल्या सांगाड्याला जे डोके दिसते ते घडवलेले आहे.

डोके कोणाचे?

बनवलेले किंवा उसने डोके लावण्यात धोका असतो. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात ॲपॅटोसॉरसचा सांगाडा आहे. १९०९ साली अर्ल डग्लस यांना युटा राज्यात तो सापडला. त्याच खाणीत त्याच्या मानेपासून जवळ एक लांबट कवटीही मिळाली. संग्रहालयाचे संचालक हॉलंड यांना ती याच प्राण्याची वाटत होती. पण त्या वेळी वजनदार मत असे होते की याचे डोके आखूड आणि भक्कम असले पाहिजे. हॉलंड यांनी सांगाडा बिनडोक्याचाच ठेवला. १९३२ साली ते वारले आणि त्यानंतर सांगाड्यावर कॅमॅरासॉरस या वेगळ्याच डायनोसॉरच्या धाटणीचे डोके चढले.

ते तिथे चार दशकांहून अधिक काळ होते. मॅकिन्टॉश आणि बर्मन या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात जुना पत्रव्यवहार आणि खाणीवरच्या नोंदी पुन्हा चाळल्या. कोणते हाड कुठे पडले होते हे त्यांत होते. त्यावरून लांबट कवटीच खरी हे ठरले आणि १९७९ साली डोके बदलले गेले. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणी नोंद केली नसती, तर चुकीचे डोके कदाचित आजही तिथे असते.

दगडात राहिलेला साप

आता आपल्या शेजारी गुजरातमध्ये येऊ. ढोली डुंगरी या ठिकाणी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांचा एक दगड मिळाला. त्यात अंडी होती आणि लहानशी हाडेही होती. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची ही हाडे, असे वर्णन १९८७ साली प्रसिद्ध झाले.

तो दगड जसाच्या तसा जपून ठेवला गेला. २००१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की यातले काही मणके डायनोसॉरचे नाहीत. ते सापाचे आहेत. मग दगड काळजीपूर्वक साफ करण्यात आला. फुटलेल्या एका अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि जवळच अर्ध्या मीटरचे पिल्लू, असा तो देखावा होता. २०१० साली या सापाचे ‘सनाजेह इंडिकस’ असे नामकरण झाले. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा फार मोठा उघडणारा नव्हता, म्हणजे अख्खे अंडे गिळणे त्याला अवघड. पण नुकते बाहेर आलेले पिल्लू गिळता येई. त्याच परिसरात आणखीही अंड्यांजवळ याच जातीच्या सापाचे अवशेष मिळाले, त्यामुळे ही जवळीक योगायोगाची नसावी असे म्हणता आले. सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वी वाळूत गाडला गेलेला हा प्रसंग आपल्याला कळला, कारण अंडी सुटी करून बाकीचा दगड कोणी टाकून दिला नव्हता.

शेणाची किंमत

संग्रहालयाच्या खेळात शेणाला कोण विचारणार? चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे अश्मीभूत शेणाचे गोळे विपुल मिळतात. त्याच थरांत टायटॅनोसॉर या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरांची हाडे मिळतात, म्हणून हे शेण बहुधा त्यांचेच असावे असे मानतात. गवताच्या पेशींत सिलिकाचे अगदी सूक्ष्म कण तयार होतात. त्यांचा आकार गवतागवतात वेगळा असतो आणि गवत पचले, कुजले तरी ते उरतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या शेणात असे कण मिळाले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत गवत पृथ्वीवर आले ते डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर, असा समज होता. तो बदलावा लागला. पण हा पुरावा टिकला तो शेण कोणत्या थरातले हे ठाऊक होते म्हणून. कोणाच्या तरी कपाटातला, गावाचे नाव नसलेला गोळा घेऊन हे सिद्ध करता आले नसते.

संग्रहालय म्हणजे काय?

खेळातले संग्रहालय म्हणजे काचेची दालने आणि तिकीटखिडकी. प्रत्यक्षात दालनात मांडलेल्या वस्तू थोड्या असतात. बहुतेक संग्रह मागच्या खोल्यांत, खणांत ठेवलेला असतो. प्रत्येक वस्तूवर क्रमांक आणि त्या क्रमांकापुढे नोंदवहीत जागा, थर, तारीख, शोधणाऱ्याचे नाव. ही वहीच संग्रहालयाचा प्राण असते.

जबलपूरजवळ १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला काही हाडे मिळाली होती. १८७७ साली लायडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे ती हाडे कुठे आहेत हेच कळेनासे झाले. २०१२ साली कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात शोध घेताना त्यांतला शेपटीचा एक मणका पुन्हा हाती लागला. जुनी वर्णने आणि चित्रे उपलब्ध होती, म्हणूनच तो ओळखता आला.

वर्गात करून पाहा

हे सारे सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. दोन सारख्या पेट्या घ्या. आंब्याच्या रिकाम्या पेट्या चालतील. तळाशी लाल मातीचा थर द्या. त्यात चार शिंपले आणि वाळलेली शेंग पुरा. त्यावर वाळूचा थर द्या. त्यात काही चिंचोके एका कोपऱ्यात जवळजवळ, आणि त्यांच्या शेजारी एक मोडलेले खेळणे. उकळून वाळवलेली कोंबडीची हाडे वापरता आली तर उत्तमच. काही घरांत ते चालणार नाही, तिथे बियांवर भागवावे. दोन्ही पेट्या अगदी एकसारख्या भरायच्या.

वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने मोबाइलमधल्यासारखे खणायचे : जे मिळेल ते काढून ताटलीत ठेवायचे. दुसऱ्या गटाने पेटीवर दोरा बांधून नऊ चौकटी करायच्या, चमच्याने एकेक थर काढायचा, आणि वस्तू उचलण्यापूर्वी कागदावर तिची जागा काढायची. पहिला गट दहा मिनिटांत मोकळा होईल आणि दुसऱ्याला हसेल. हसू द्या.

मग दोघांना प्रश्न विचारा. शिंपले आधीचे की चिंचोके? खेळणे कशाच्या शेजारी होते? चिंचोके पेटीभर पसरलेले होते की एकत्र? पहिल्या गटाच्या ताटलीत सगळ्या वस्तू आहेत, पण उत्तरे आठवणीवर आहेत. आठवणी आपसांत जुळत नाहीत, हेही मुलांना लगेच दिसेल. आता त्यांना पुन्हा खणायला सांगा. ते खणू शकत नाहीत, कारण खड्डा एकदाच खणता येतो. नकाशा मात्र पुन्हापुन्हा पाहता येतो.

विशेषतः चंद्रपूर, गडचिरोली भागातल्या शिक्षकांना एक विनंती. एखादा विद्यार्थी शेतातून, ओढ्यातून हाडासारखा दगड घेऊन आला, तर त्याचे कौतुक करावे आणि पहिला प्रश्न ‘कुठे मिळाला?’ हा विचारावा. शक्य असेल तर त्याच्याबरोबर जागेवर जावे. शेजारी पट्टी किंवा पेन्सिल ठेवून जागेचे छायाचित्र घ्यावे, गाव, शिवार आणि तारीख लिहावी, आणि पुढे खणू नये. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. दगड साधाच निघाला तरी बिघडत नाही. नोंद करण्याची सवय त्या मुलाला लागली, तर एखाद्या दिवशी खरा जीवाश्म त्याच्या हाती येईल तेव्हा तो वाया जाणार नाही.