एकवीस महिने शाळेविना

कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शहरी भागातल्या शाळा १६ मार्च २०२० पासून बंद झाल्या. पहिला आदेश फक्त ३१ मार्चपर्यंतचा होता. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आणि पहिली ते सातवीच्या मुलांची पाळी आली १५ डिसेंबरला. धाकट्या मुलांच्या बाबतीत पंधरवड्याची बंदी अशी एकवीस महिने लांबली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्गाचा उंबरठा ओलांडला, तेव्हा त्याचे दुसरीचे अर्धे वर्ष सरले होते.

या काळात घरांना आणि शाळांना आधार कसा मिळाला आणि तो कुठे तोकडा पडला, हे मुंबईतल्या वांद्र्यात विशेष स्पष्ट दिसते. रेल्वेरुळांच्या पश्चिमेला पाली हिल आणि बँडस्टँडच्या इमारती आहेत, तशी चिंबईच्या कोळीवाड्यातली दाटीची घरेही आहेत. पूर्वेला कलानगर, शासकीय वसाहत, खेरवाडी आणि रुळांना लागूनच बेहरामपाडा. बेहरामपाड्यात खोलीवर खोली चढलेली असते आणि वरच्या माळ्यावर लोखंडी शिडीने जावे लागते. घरून शिकायचे तर मुलाला बसायला कोपरा हवा, हातात फोन हवा आणि शेजारी कुणी मोठे माणूस हवे. एका खोलीच्या घरात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येणे अवघड होते. घरातला एकुलता स्मार्टफोन बहुधा वडिलांचा. टाळेबंदी सैल होऊन ते कामावर जाऊ लागले की फोनही त्यांच्यासोबत जाई. दोन भावंडांचे तास एकाच वेळी आले की एकाचा तास बुडे, आणि तो कुणाचा बुडवायचा हे आईला ठरवावे लागे.

पुष्कळ मुले तर वांद्र्यात राहिलीच नव्हती. १४ एप्रिल २०२० रोजी देशभरातील टाळेबंदी वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याच दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर पश्चिमेला गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची मोठी गर्दी जमली. ती बातमी कायदा आणि सुव्यवस्थेची म्हणून गाजली. शाळांच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा होता. मे महिन्यात वांद्रे टर्मिनसवरून श्रमिक गाड्या सुटू लागल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे उत्तर प्रदेश आणि बिहारकडे परतली. हजेरीपटावर नाव मुंबईत आणि मूल हजार-दीड हजार किलोमीटरवर, अशी स्थिती झाली. मुलाशी असलेला शाळेचा धागा मग एका मोबाइल नंबरवर टिकून राहिला. रिचार्ज संपला किंवा नंबर बदलला की तोही तुटत असे.

राज्याने या काळात बरेच काही केले, हे मान्य करावे लागेल. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास व्हॉट्सअॅपवरून पालकांपर्यंत पोहोचवला. जुलै २०२० मध्ये शासनाने ऑनलाइन तासांना मर्यादा घातली. पहिली-दुसरीला अर्ध्या तासाची दोन सत्रे, तिसरी ते आठवीला पाऊण तासाची दोन आणि नववीपासून पुढे पाऊण तासाची चार. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. परिसरातल्या साध्या वस्तू घेऊन घरच्या घरी शिकता येईल, अशी तिची मांडणी होती. गरीब घरांच्या दृष्टीने दूरचित्रवाणी हा अधिक शहाणपणाचा मार्ग होता. टीव्हीला नेटपॅक लागत नाही आणि तीन भावंडे एकत्र बसून पाहू शकतात. मात्र मुलाचे काय चुकते आहे, हे टीव्हीला कळत नाही. ते काम शिक्षकांचेच राहिले. महापालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवले जाते. त्यामुळे एकच धडा सगळ्यांना पाठवून भागणार नव्हते. शिवाय कोविडच्या सर्वेक्षणाची कामे याच शिक्षकांवर सोपवलेली होती. दिवसा ते काम करून संध्याकाळी एकेका घरी फोन लावणाऱ्या शिक्षकांनी या काळात शाळा जिवंत ठेवली. त्यांच्या या कष्टांची पुरेशी नोंद झालेली नाही.

शाळा बंद झाली तशी तिथे दुपारी मिळणारी खिचडीही बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजीच, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या आधीच, मुलांच्या आहारात खंड पडू नये म्हणून राज्यांकडे विचारणा केली होती. महाराष्ट्रात मग कोरडा तांदूळ आणि कडधान्ये पालकांच्या हाती देण्यात आली. ही व्यवस्था सोपी होती. पिशवी घेऊन शाळेत जायचे आणि सही करून धान्य आणायचे. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीसाठी मात्र धान्याऐवजी पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात भरायचे ठरले. ३५ दिवसांचे पहिली ते पाचवीसाठी १५६ रुपये आणि सहावी ते आठवीसाठी २३४ रुपये. तेवढ्यासाठी मुलाच्या नावे आधारशी जोडलेले खाते उघडायचे आणि रोजंदारी बुडवून बँकेच्या रांगेत उभे राहायचे. मिळणाऱ्या रकमेहून ती मिळवण्याचा खर्च जास्त, अशी मदत कुटुंबाचा भारच वाढवते.

फीचा प्रश्न खासगी शाळांतील घरांना भिडला. ८ मे २०२० च्या आदेशाने शासनाने त्या वर्षीच्या फीवाढीला मनाई केली, पण जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. राजस्थानातील शाळांच्या फीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात १५ टक्के फीकपातीचा आदेश निघाला. तोवर दीड वर्ष उलटले होते. फी थकल्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला मिळत नाही म्हणून मुलांना घरी बसवणाऱ्या पालकांना एक गोष्ट वेळेवर कळायला हवी होती. दाखल्यास उशीर झाला या कारणाने दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, असे शिक्षणहक्क कायद्यातच लिहिलेले आहे.

शाळा उघडण्याच्या बाबतीत मुंबई उर्वरित राज्याच्या मागे राहिली. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले. मुंबई महापालिकेने तेव्हा परवानगी दिली नाही. दाट वस्ती आणि लोकलची गर्दी होतीच, शिवाय काही शाळांच्या इमारतींत विलगीकरण केंद्रे चालू होती. पुढे दुसरी लाट आली आणि सगळेच पुन्हा बंद झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग भरले तेव्हा एका बाकावर एक मूल, तोंडाला मास्क आणि पालकांचे संमतिपत्र असे नियम होते. धाकट्यांचे वर्ग डिसेंबरच्या मध्याला सुरू होतात न होतात तोच ओमायक्रॉनमुळे ४ जानेवारी २०२२ पासून दहावी-बारावी वगळता सगळेच वर्ग पुन्हा थांबले आणि २४ जानेवारीला पुन्हा सुरू झाले. याच जानेवारीत १५ ते १८ वर्षांच्या मुलांचे लसीकरण सुरू झाले. वांद्रे-कुर्ला संकुलातले भव्य कोविड केंद्र त्यासाठीही वापरले गेले. मार्च २०२२ मध्ये मुंबईतील शाळा पूर्ण पटसंख्येने भरू लागल्या.

वर्गात परतलेले मूल पुस्तकाच्या इयत्तेत होते, पण त्याचे वाचन मागेच थांबले होते. यावर शासनाने जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला. मागच्या इयत्तेच्या मुख्य गोष्टींची उजळणी आणि मधून मधून चाचण्या, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईत तोही फोनवरूनच उरकावा लागला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. वांद्र्यासारख्या शहरी वस्त्या त्या पाहणीत येत नाहीत. मात्र अशा मुलांसाठीचा एक उपाय मुंबईतच रुजलेला आहे. १९९० च्या दशकात येथील वस्त्यांमधून काम सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने पुढे अशी पद्धत विकसित केली, की इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार गट करायचे आणि रोज काही वेळ त्याच पातळीवर शिकवायचे. अक्षर ओळखणारे एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, परिच्छेद वाचणारे तिसऱ्या. पाचवीतले मूल पहिल्या गटात बसले तरी त्यात कमीपणा मानायचा नाही. बंदीनंतरच्या वर्गांना याची सर्वाधिक गरज होती, आणि ती एका सत्रात संपणारी नव्हती.

दहावीच्या मुलांना परीक्षा मंडळाने थोडा हात दिला. २०२१ ची परीक्षा रद्द होऊन नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन यांवर निकाल लागला. २०२२ ला पाऊण अभ्यासक्रम, स्वतःच्याच शाळेत केंद्र आणि लिहिण्यासाठी जादा वेळ मिळाला. हात लिहायचे विसरले आहेत, हे त्या जादा वेळेने मान्य केले होते. २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलांची दहावी २०३० मध्ये येईल.