आधी गाणं, मग ओळख

दक्षिण लंडनमधल्या एका बालसंगोपन केंद्रात आठवड्यातून एकदा काही बायका जमिनीवर गोल करून बसतात. कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पुढ्यात चटईवर तान्हं मूल असतं. त्यांच्यातच एक गायिका बसलेली असते. ती एक छोटी ओळ म्हणते, बाकीच्या तिच्यामागून म्हणतात. ओळ सोपी असते आणि पुन्हा पुन्हा येते. गाणं कधी इंग्रजी असतं, कधी दूरच्या कुठल्या देशाच्या भाषेतलं. अर्थ कुणालाच ठाऊक नसला तरी अडत नाही. कुणाचा सूर लागला नाही तरी कुणी दुरुस्त करत नाही. मधेच एखाद्या बाळाने भोकाड पसरलं तर आईने त्याला उचलावं, पाजावं, लंगोट बदलावा आणि जमेल तिथून पुन्हा ओळ धरावी. तासाभराने सगळ्या आपापल्या घरी जातात.

इथे येणाऱ्या बायका बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी झगडत असतात. पण त्या तासात ‘तुला काय होतंय’ हे कुणी विचारत नाही. आपलं दुःख उकलून दाखवायची सक्ती नाही. ‘मेलडीज फॉर मम्स’ नावाचा हा उपक्रम ब्रीद आर्ट्स हेल्थ रिसर्च या संस्थेने २०१७ साली सुरू केला. त्याच्यामागे जे संशोधन आहे, ते वाचताना माणसाच्या शरीराविषयी मला इतकं नवल वाटलं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी या आजाराविषयी थोडं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, जीव घाबरा होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. नैराश्य ओसरत नाही. आठवडेच्या आठवडे ते बाईला धरून बसतं. झोप येत नाही, भूक मरते, बाळाकडे पाहून जे वाटायला हवं असं सगळे म्हणतात ते वाटतच नाही, आणि वाटत नाही याची लाज वेगळीच. ते ओळखण्यासाठी जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘एडिनबर्ग’ प्रश्नावली तयार केली. ती आज जगभर वापरतात. त्यात फक्त दहा प्रश्न आहेत. पहिला प्रश्न हसण्याविषयीचा आहे: पूर्वीसारखं हसू येतं का, गंमत कळते का? शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा. हसू हरवण्यापासून तिथपर्यंतचं सगळं अंतर त्या एका कागदावर मावलेलं आहे.

हा श्रीमंत देशांतला आजार आहे असं कुणाला वाटत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पाहावा. जगात बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जातं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. त्यामागच्या कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगी झाली हेही होतं.

आता या उपक्रमामागच्या लंडनच्या अभ्यासाकडे येऊ. डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स या दोघींनी नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाने दहा आठवडे बाळांसह गायचं. त्यांनी गाणी ऐकली, शिकली आणि आईपणावर स्वतःची नवी गाणी मिळून रचलीही. दुसऱ्या गटाने तितकेच आठवडे बाळांसह खेळायचं, हस्तकला करायची. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. निकाल २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त छापून आला. दहा आठवड्यांअखेर तिन्ही गटांतल्या आया सुधारल्या होत्या. मग गाण्याने विशेष ते काय केलं? फरक वेगाचा होता. ज्यांचं नैराश्य मध्यम ते तीव्र होतं, त्यांच्यात गाणाऱ्या गटाची लक्षणं पहिल्या सहा आठवड्यांतच सरासरी ३५ टक्क्यांनी उतरली. बाकीच्या दोन गटांना तो वेग गाठता आला नाही.

‘शेवटी सगळ्या सुधारल्याच ना’ असं म्हणून हा फरक झटकून टाकता येत नाही. सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात महिन्याचं अंतर आहे, आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना एक महिना म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा मोठा तुकडा! त्या दिवसांत बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहून जग शिकत असतं. आईला तो महिना परत मिळाला तर दोघांनाही मिळतो.

दुसरी गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. खेळणाऱ्या गटातही सोबत होती, घराबाहेर पडणं होतं, बाळं होती, तितकेच आठवडे होते. म्हणजे नुसत्या चार जणींच्या सोबतीने हे होत नसावं. गाण्यात आणखी काहीतरी असावं.

ते काय असावं, याचा पहिला धागा श्वासात सापडतो. दोन बोटं मनगटावरच्या नाडीवर ठेवा आणि सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. नीट लक्ष दिलंत तर जाणवेल की श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना संथ होतात. प्रत्येक निरोगी हृदय हे करतं. आता गाण्याचा विचार करा. गाणं म्हणजे चटकन घेतलेला श्वास आणि ओळ संपेपर्यंत लांबवलेला उच्छ्वास. कुणी ‘दीर्घ श्वास घ्या, शांत व्हा’ असं सांगितलं तर अस्वस्थ माणूस अधिकच अस्वस्थ होऊ शकतो. गाणं तेच काम न सांगता करून घेतं.

आणि हेच अनेक जणांनी एकत्र केलं तर? स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०१३ मध्ये ते निष्कर्ष छापले गेले. स्तोत्र गाताना, आणि त्याहून जास्त संथ मंत्रासारखी ओळ म्हणताना, गाणाऱ्यांची हृदयं एकाच वेळी जलद आणि एकाच वेळी संथ होऊ लागली. ओळ जिथे संपते तिथे सगळे श्वास घेतात आणि श्वासामागे हृदयं चालतात. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं नावही आपल्याला माहीत नसतं आणि छातीत दोघांचं हृदय एका चालीने वरखाली होत असतं. भजनाला बसलेल्या कुणालाही हे आतून ठाऊक असेल. तरी ते यंत्रावर रेषा होऊन उमटलेलं पाहणं निराळंच.

दुसरा धागा ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाचा. माकडं तासन् तास एकमेकांच्या अंगातल्या उवा निवडतात, त्याने त्यांच्या मेंदूत एंडॉर्फिन नावाचं रसायन पाझरतं आणि नाती घट्ट होतात. पण उवा एका वेळी एकाच्याच निवडता येतात. माणसांचे कळप मोठे झाले तेव्हा एकाच वेळी पुष्कळांना जवळ आणणारं काहीतरी लागलं असणार, आणि हसणं, नाचणं, गाणं यांनी ते काम केलं असावं, असं डनबार मानतात. मेंदूतलं एंडॉर्फिन थेट मोजणं अवघड, म्हणून ते एक युक्ती करतात. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवत न्यायचा आणि माणूस ‘आता पुरे’ कधी म्हणतो ते पाहायचं. एंडॉर्फिन वेदना बोथट करतं, त्यामुळे गाण्याआधीपेक्षा गाण्यानंतर माणूस जास्त दाब सोसतो.

लंडनमधल्या एका गायनवृंदावर त्यांनी हे करून पाहिलं. या वृंदाचे छोटे गट एरवी आपापल्या भागात गातात आणि वर्षातून एकदा सगळे एकत्र येतात. त्या दिवशी २३२ जण जमले होते, बहुतेक एकमेकांना अनोळखी. दीड तास गाऊन झाल्यावर वेदना सोसण्याची ताकद वाढलेली होती, आणि आपुलकी या मोठ्या जमावात छोट्या गटांपेक्षाही जास्त वाढली होती.

याच मंडळींचा आणखी एक प्रयोग मला सर्वांत आवडतो. इंग्लंडमध्ये प्रौढांसाठी काही वर्ग सात महिने चालवले गेले. गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे. सात महिन्यांनंतर सगळ्याच वर्गांत माणसं एकमेकांच्या सारखीच जवळ आलेली होती. पण गाण्याच्या वर्गात ती जवळीक पहिल्याच महिन्यात आली. विणकाम करताना, लिहिताना माणसं बोलतात, एकेकाशी ओळख होते आणि त्यातून हळूहळू गट तयार होतो. गाण्यात उलट घडतं. आधी गट होतो, नावगाव मागाहून.

म्हणजे आयांच्या अभ्यासातही वेग, आणि इथेही वेगच. ज्या बाईला फोन उचलायचीसुद्धा उमेद नाही, तिला ‘चार मैत्रिणी कर’ हा सल्ला काय कामाचा? मैत्री करायला जे बळ लागतं तेच तर आजाराने हिरावलेलं असतं. गाणं तिच्याकडे ते बळ आधी मागत नाही. तिने फक्त ओळ उचलायची.

आणि बाळं? त्यांनाही यात वाटा आहे. माँट्रियलमध्ये मरियेव्ह कॉर्बेल, सँड्रा ट्रेहब आणि इझाबेल पेरेत्झ यांनी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना कधी न ऐकलेल्या तुर्की भाषेतली गाणी ऐकवली. बाळं सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. बोबड्या लाडिक बोलण्याने ती चारएक मिनिटांत कुरकुरायला लागली. आपण वाईट आई आहोत अशी ज्या बाईची खात्री झालेली असते, तिच्या स्वतःच्या गळ्यातून निघालेल्या सुराने तिचं रडतं बाळ गप्प होतं. लंडनच्या अभ्यासातल्या आयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं: बाळाला शांत करता येऊ लागलं, काहीतरी जमतंय असं वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी एक तास आपला वाटला. शिकलेलं गाणं त्यांच्यासोबत घरी गेलं, मध्यरात्री दोन वाजता उपयोगी पडायला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे जातं आठवलं नाही तर नवल. दोघी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या मुठीत, दगड फिरवायला दोघींचं बळ आणि त्या फेऱ्याच्या लयीत ओवी. माहेर, भाऊ, सासरचा जाच, लेकरू, विठ्ठल, सीता असं सगळं त्या पहाटेच्या अंधारात बोललं जायचं. दिवसा तोंडातून निघालं असतं तर घरात वादळ उठलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या ‘परी’ या ऑनलाइन संग्रहाने लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. त्या कष्टांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पहाटे उठून दळणं ही हौस नव्हती. विजेची चक्की आली, बायकांची पाठ सुटली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर गेलेली ती दोघींची वेळ भरून काढायला काही आलं नाही.

गाण्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गोव्याच्या अभ्यासातली मारहाण गाण्याने थांबत नाही, मुलगी झाली म्हणून फिरवलेलं तोंड गाण्याने वळत नाही. ज्या बाईच्या मनात जीव द्यायचे विचार येतात तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, औषध लागलं तर ते घ्यायला हवं. लंडनमधले हे वर्गही उपचारांच्या जोडीने चालतात. पण जोडीला देण्यासारखी इतकी स्वस्त आणि निर्धोक गोष्ट दुसरी कुठली आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने कला आणि आरोग्याच्या संबंधावरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा धांडोळा घेतला. त्यानंतर आयांच्या गाण्याचा हाच उपक्रम डेन्मार्क, इटली आणि रोमानियातही राबवून पाहिला गेला, प्रत्येक ठिकाणी तिथल्या भाषेतल्या गाण्यांनिशी.

आपल्याकडे गाण्यांना तोटा नाही. बारशाचे पाळणे आहेत, मंगळागौरीची, भोंडल्याची गाणी आहेत, गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत आणि गावोगावी अंगणवाडी आहे. फक्त बाळंतीण घरात आणि गाणं बाहेर अशी ताटातूट झालेली आहे. तुमच्या महिला मंडळाने आठवड्यातला एक तास बाळांसकट येणाऱ्या आयांसाठी राखून ठेवावा. चटई अंथरावी, बाळ रडलं तर चालेल असं आधीच सांगावं, आणि ‘कसं वाटतंय’ न विचारता पहिली ओळ सुरू करावी. आणि एखादी बाई फारच खचलेली दिसली तर सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक तिच्या घरच्यांना द्यावा: १४४१६. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.