मोहिनीमंत्राची मर्यादा

सोंगट्यांच्या पटावर आपली सोंगटी मारली गेली, तर ती पुन्हा पहिल्यापासून चालू लागते. पण मारणाऱ्याची होत नाही. बुद्धिबळातही मेलेला घोडा पटाबाहेर जातो, शत्रूच्या बाजूने लढावयास उभा राहत नाही. (जपानी बुद्धिबळात मात्र मारलेले मोहरे मारणाऱ्याच्याच बाजूने पुन्हा पटावर उतरते!) परंतु मोहरे न मारता, त्याचे मनच आपल्याकडे वळविण्याची सोय ज्यात आहे असाही एक खेळ आहे, आणि त्या सोयीपायी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी मोठा तंटा माजला.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला व 1974 साली प्रसिद्ध केला. यात पट असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येक गडी एकेक पात्र घेतो, कोणी योद्ध्याचे तर कोणी मांत्रिकाचे. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो आणि यशापयश वीस पैलूंच्या फाशावर ठरते. आमच्या थोरल्या पुतण्याने सूत्रधार होऊन प्रसंग योजला तो सुरतेचाच: तापीकाठचा जुना किल्ला, रात्रीची वेळ, दाराशी पहारेकरी. पुतणीच्या मांत्रिकेने त्याच्यावर मोहिनीमंत्र टाकला, तो लागू पडला, आणि ती म्हणाली, “आता हा माझा गुलाम. याने किल्लेदाराला बांधून आणावे.” सूत्रधार म्हणाला, “नाही आणणार.” झाले! शेवटी निवाड्यासाठी पुस्तक माझ्यापुढे आले.

त्यांचे पुस्तक 2014 सालच्या आवृत्तीचे होते. त्यातील नियम बारकाईने वाचले असता पुतणीचीच चूक दिसली. हा मंत्र मनुष्यास गुलाम करीत नाही. एक तासपर्यंत तो मंत्र टाकणाऱ्यास स्नेहातला, ओळखीचा माणूस समजतो, इतकेच. त्याला तो मांत्रिकावर हल्ला करता येत नाही आणि त्याच्याशी बोलून काही साधावयाचे असता मांत्रिकाला फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरता येतो. पहारेकरी गप्पा मारील, आत कोण आहे ते कदाचित् सांगेल. पण धन्यावर उलटणार नाही. ओळखीचा गिऱ्हाईक आला म्हणून पेढीवरचा मुनीम त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देतो काय? शिवाय मांत्रिकाने किंवा त्याच्या सोबत्यांनी पहारेकऱ्यास इजा केली की मोहिनी तत्क्षणी सुटते.

मंत्र लागू पडणेही निश्चित नसते. समजा, मांत्रिकाचा लक्ष्यांक 13 आहे आणि पहारेकऱ्याच्या विवेकाचा अधिक गुण 1. म्हणजे त्याला फाशावर 12 वा अधिक पडले तर तो वाचतो. वीस पैलूंपैकी असे नऊ. वाचण्याचा संभव शेकडा 45. पण त्याच्याशी लढाई आधीच जुंपली असेल, तर त्याला दोन फासे मिळतात. दोन्ही फसण्याचा संभव 11/20 गुणिले 11/20, म्हणजे 121/400. अर्थात् वाचण्याचा संभव जवळजवळ शेकडा 70. तलवार उपसून मग मैत्रीचा हात पुढे करणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार, हेच येथे गणिताच्या भाषेत सांगितले आहे.

पूर्वी हा मंत्र फार दीर्घकाळ टिके. 1978 सालच्या पुस्तकात मोहित झालेल्याने ठराविक मुदतीनंतर पुन्हा फासा टाकावयाचा असे. बुद्धी 3 किंवा कमी असणाऱ्याने तीन महिन्यांनी, 18 असणाऱ्याने दोन दिवसांनी. मला तो कोष्टकाचा नियम आजच्यापेक्षा अधिक आवडतो.

याच्या वरच्या पायरीवर ‘सूचने’चा मंत्र आहे. त्यात एकदोन वाक्यांत एखादे काम सुचवावयाचे. ते सयुक्तिक वाटले पाहिजे. “पहारा बदलला, घरी जाऊन जेवून ये” हे चालेल. “खंदकात उडी टाक” हे चालणार नाही. सयुक्तिक कशास म्हणावे यावर इतके वाद होत की 2024 च्या आवृत्तीत ती अट काढून, काम करता येण्याजोगे वाटावे आणि त्यात उघड इजा नसावी, एवढेच ठेवले आहे.

खरी सत्ता देणारा मंत्र तिसरा. त्यात मांत्रिक मनोमन आज्ञा करतो आणि ती पाळावी लागते. परंतु मुदत एका मिनिटाची, म्हणजे सहा सेकंदांच्या दहा फेऱ्यांची. मांत्रिकाची एकाग्रता भंगली तर तो सुटतो आणि मोहिताला इजा झाली की दर वेळी त्याला सुटकेचा नवा फासा मिळतो. नवनाथांच्या कथेत स्त्रीराज्यात रमलेले मच्छिंद्रनाथ गोरक्षनाथांच्या मृदंगाच्या बोलांनी भानावर आले. येथे ते काम तलवारीच्या घावाने होते.

दुसऱ्या दिवशीचा तंटा अधिक बिकट होता. शत्रूच्या मांत्रिकाने हा तिसरा मंत्र माझ्या धाकट्या भाच्याच्या योद्ध्यावर टाकला. सूत्रधार स्वतःच त्या योद्ध्याला चालवू लागला आणि भाचा रडवेला होऊन कोपऱ्यात जाऊन बसला. पात्र वश झाले तरी गडी वश होत नाही, असे माझे मत. आज्ञा सूत्रधाराने द्यावी. पण ती पाळणारा योद्धा काय बोलतो, कसा कचरतो, हे भाच्याने सांगावे आणि फासाही त्यानेच टाकावा. मुलांनी हे मान्य केले. पुतणीने आपल्याच योद्ध्यावर बाण सोडला, भाच्याला फासा मिळाला, त्यावर 17 पडले आणि घरभर आरोळी उठली.

पहारेकऱ्याचे सांगावयाचे राहिले. मोहिनी उतरताच, आपल्यावर कोणी मंत्र टाकला होता हे त्याला कळते, असाही नियम आहे. तास संपला तेव्हा पुतणीची मांत्रिका अजून किल्ल्यातच होती.