टीनाचं घर: आधी छत, मग भिंत

वाशिम, रिसोड, मंगरुळपीरकडचा नेहमीचा प्रश्न: घरावर टीनपत्रे आहेत, पैसे मोजके आहेत, तर उन्हाळ्याआधी काय करायचं?

मी म्हणतो, आधी छत. वाशिम साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे सगळा मार पत्र्यावर, भिंतींवर ऊन कमीच.

पहिलं काम: पत्रा पांढरा करा. पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो. चुना स्वस्त, पण पावसात धुऊन जातो. रिफ्लेक्टिव्ह पेंट महाग, पण जास्त टिकतो.

दुसरं: पत्र्याखाली वीतभर जागा सोडून सीलिंग. तापलेली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना वाट ठेवा. तुराट्या किंवा थर्माकोल वापरणार असाल, तर चूल आणि वायरिंगपासून लांबच, दोन्ही पेटतात.

तिसरी पश्चिमेची भिंत. तिच्यावर चार वाजताचं ऊन येतं. तिथे वेल चढवा, नाहीतर शेडनेट बांधा.

सगळं एकदम जमणार नाही? मग आजी-आजोबा, लहान लेकरं दुपारी जिथं झोपतात, त्या खोलीपासून सुरुवात करा. भेटूया पुढच्या भागात!