सूट : पुण्यात आखलेली सूर्यदुर्बीण आणि अवकाश हवामानाचा वेध

'सोलर अल्ट्राव्हायोलेट इमेजिंग टेलिस्कोप' या लांबलचक नावाचे आद्याक्षरी रूप म्हणजे 'सूट'. ही दुर्बीण आदित्य एल-1 या भारतीय यानावर बसवलेली असून ती सूर्याच्या पूर्ण बिंबाची छायाचित्रे अतिनील प्रकाशात घेते. तिची आखणी पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे आयुकाने, इस्रोच्या सहकार्याने केली. प्रकल्पाचे नेतृत्व दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्याकडे होते. बंगळूरुची भारतीय खगोलभौतिकी संस्था, मणिपाल उच्च शिक्षण अकादमी आणि कोलकात्याच्या आयसरमधील अवकाश विज्ञान केंद्र यांचाही त्यात वाटा आहे. आदित्य एल-1 चे उड्डाण 2 सप्टेंबर 2023 रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी57 अग्निबाणाने झाले. 6 जानेवारी 2024 रोजी यान एल-1 बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे 15 लाख किमी, म्हणजे चंद्राच्या जवळपास चौपट अंतरावर आहे. तिथून सूर्य कधीही पृथ्वीआड किंवा चंद्राआड जात नाही, त्यामुळे निरीक्षणात ग्रहणाचा खंड पडत नाही.

अवकाश हवामान म्हणजे काय

सूर्यावरील घडामोडींमुळे पृथ्वीभोवतीच्या अवकाशात होणाऱ्या बदलांना अवकाश हवामान म्हणतात. हे बदल पृथ्वीवर तीन टप्प्यांत पोहोचतात. पहिला टप्पा प्रकाशाचा. सौरज्वाला भडकली की तिचे क्ष-किरण आणि अतिनील किरण सव्वाआठ मिनिटांत येतात आणि आयनांबराची दिवसाकडची बाजू एकदम अधिक आयनीभूत होते. त्यामुळे लघुलहरी रेडिओ संपर्क तुटू शकतो. दुसरा टप्पा वेगवान प्रोटॉनांसारख्या कणांचा. हे कण काही मिनिटांपासून काही तासांत येतात आणि उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक भागांना व अंतराळवीरांना धोका निर्माण करतात. तिसरा टप्पा सूर्याच्या किरीटातून, म्हणजे सर्वांत बाहेरच्या वातावरणातून, फेकल्या गेलेल्या चुंबकित द्रव्याच्या लोटाचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीएमई म्हणतात. त्याला पृथ्वी गाठायला साधारण एक ते चार दिवस लागतात आणि तो चुंबकावरणावर आदळला की भूचुंबकीय वादळ होते.

वादळाची तीव्रता जी1 ते जी5 अशा श्रेणीत सांगतात. ज्वालांचे ए, बी, सी, एम आणि एक्स असे वर्ग आहेत, आणि प्रत्येक वर्ग आधीच्या वर्गाच्या दहापट तीव्र असतो. 13 मार्च 1989 च्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. फेब्रुवारी 2022 मध्ये नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे 40 गमवावे लागले. वादळ मध्यमच होते, पण त्यामुळे वरचे वातावरण तापून फुगले, उपग्रहांवरील घर्षण वाढले आणि ते कक्षेत टिकू शकले नाहीत. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे येथील मुख्य अडचण वेगळी आहे. सूर्यास्तानंतर आयनांबरात उठणाऱ्या गडबडीने उपग्रहांचे संदेश थरथरतात आणि जीपीएस, नाविक यांसारख्या दिशादर्शन प्रणालींची अचूकता घटते.

कुलाबा, अलिबाग आणि उटी

अशा वादळांच्या भूचुंबकीय मोजणीची महाराष्ट्रातील परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून सुरू होते. 1826 मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेत 1841 पासून भूचुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. 2 सप्टेंबर 1859 रोजी, कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूचुंबकीय वादळाच्या वेळी, तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. या वादळाच्या मोजक्या विश्वासार्ह नोंदींत ती गणली जाते. मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर कुलाब्याच्या मोजणीत अडथळा येणार हे उघड होते. म्हणून 1904 मध्ये लोखंडाचा वापर टाळून अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. जमिनीवरचे चुंबकमापक वादळ किती मोठे होते ते नेमके सांगतात, पण ते येऊन ठेपल्यावरच.

आयुकाशेजारी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्याच परिसरात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली उटीची रेडिओ दुर्बीण या केंद्राच्या अखत्यारीत येते. 1970 मध्ये कार्यान्वित झालेली ही 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण 327 मेगाहर्ट्झवर काम करते. दूरच्या रेडिओस्रोताची किरणे सौरवातातून, म्हणजे सूर्यापासून वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहातून, येताना लुकलुकतात. त्या लुकलुकण्यावरून सूर्य आणि पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यात सौरवाताची घनता आणि वेग कसा बदलतो आहे, हे काढता येते. अशा रीतीने निघालेला लोट वाटेत असतानाच त्याचा माग लागतो. सूट त्याही आधीच्या जागी, खुद्द सूर्यबिंबावर, नजर ठेवते.

दुर्बिणीची रचना

सूट 200 ते 400 नॅनोमीटर या तरंगलांबीच्या पट्ट्यात पाहते. यातील 300 नॅनोमीटरखालचा प्रकाश ओझोन थर अडवतो, म्हणून तो जमिनीवरून टिपता येत नाही. दुर्बिणीचे प्रवेशमुख 141 मिलिमीटरचे आहे आणि वजन सुमारे 35 किलो. मागे 4096 गुणिले 4096 पिक्सेलचा प्रकाशसंवेदक आहे. त्यातील एक पिक्सेल सूर्यावरच्या सुमारे 500 किमी लांबीइतका असतो. प्रवेशमुखावरील गाळणी सूर्यप्रकाशाचा एक टक्क्याहूनही कमी भाग आत सोडते, नाहीतर आतले आरसे आणि संवेदक तापतील.

मुख्य काम फिरत्या चाकांवर बसवलेल्या फिल्टरांचे आहे. एकूण 11 फिल्टर असून आठ अरुंद पट्ट्यांचे आणि तीन रुंद पट्ट्यांचे आहेत. अरुंद पट्ट्यांतील दोन आयनीभूत मॅग्नेशियमच्या 279.6 आणि 280.3 नॅनोमीटर या रेषांसाठी आहेत, तर एक कॅल्शियमच्या 396.85 नॅनोमीटर रेषेसाठी. या रेषा वर्णगोलातून येतात, आणि इतर पट्ट्यांतून खालचा दीप्तिगोल दिसतो. त्यामुळे एकामागून एक फिल्टर लावल्यावर सूर्याच्या वातावरणाचे थर उंचीनुसार उलगडत जातात. रुंद पट्टे पृथ्वीच्या वातावरणातील ऑक्सिजन व ओझोन यांच्या रसायनावर परिणाम करणाऱ्या प्रकाशाच्या मोजणीसाठी आहेत. मॅग्नेशियमच्या रेषांवरून एक निर्देशांकही मिळतो. सूर्याच्या अतिनील तेजाचा चढउतार त्यातून समजतो आणि वरच्या वातावरणाची घनता, म्हणजेच उपग्रहांवरील घर्षण, मोजण्याच्या गणिती प्रारूपांत तो वापरला जातो.

अतिनील दुर्बिणीचा मोठा शत्रू म्हणजे मळ. आरशावर साचलेला कार्बनी रेणूंचा पातळ थरही अतिनील प्रकाश शोषून घेतो. म्हणून अशा उपकरणाची जोडणी अतिशय स्वच्छ खोल्यांत करावी लागते, आणि अवकाशात गेल्यावरही त्याचे भाग मधूनमधून तापवून साचलेले रेणू उडवावे लागतात. या कामाला बेकिंग म्हणतात.

निरीक्षण ते माहिती

सूट पूर्ण बिंबाची छायाचित्रे घेते, तसेच निवडक भागावर लक्ष केंद्रित करून अधिक वेगानेही छायाचित्रे घेऊ शकते. यानावरील सोलेक्स आणि हेलिओस ही क्ष-किरण उपकरणे ज्वालेची चाहूल देतात. त्यानंतर सूट त्या भागाकडे वळावी, अशी तिची रचना आहे. मिळालेली माहिती बंगळूरुजवळच्या ब्यालालु येथे उतरते. आयुकातील उपकरण कार्यकेंद्र ती तपासून छायाचित्रांचे मोजमापसिद्ध स्वरूप तयार करते आणि ती पुन्हा इस्रोच्या संग्रहात जाते. आदित्य एल-1 ची पहिली वैज्ञानिक माहिती जानेवारी 2025 मध्ये सर्वांना खुली झाली. त्यानंतर प्रारूपे तयार करणारा कोणताही संशोधक ती वापरू शकतो.

दुर्बिणीची पूर्ण बिंबाची पहिली छायाचित्रे 8 डिसेंबर 2023 रोजी प्रसिद्ध झाली. 22 फेब्रुवारी 2024 रोजी तिने एक्स6.3 वर्गाची ज्वाला टिपली. खालच्या थरांतील अतिनील चमक आणि वरच्या किरीटातील वायूचे तापमान यांची वाढ एकाच वेळी होते, असे त्या निरीक्षणांतून दिसले. ज्वालेची ऊर्जा थरांमधून कशी वाहते, याचा हा थेट पुरावा आहे. मात्र 10 आणि 11 मे 2024 च्या जी5 वादळाच्या वेळी, जे ऑक्टोबर 2003 नंतरचे त्या श्रेणीचे पहिले वादळ होते, सूट आणि यानावरील किरीटदर्शक व्हीईएलसी ही दोन्ही उपकरणे बेकिंग आणि मोजमाप तपासणीच्या अवस्थेत होती. त्या दिवसांत लडाखमधील हानले येथे आकाशात लाल ध्रुवप्रकाश टिपला गेला. यानावरील क्ष-किरण उपकरणे, अ‍ॅस्पेक्स हे कणमापक आणि चुंबकमापक यांनी वादळाची नोंद केली.

अंदाजाची मर्यादा

सीएमई निघाला हे प्रतिमेवरून कळते आणि त्याचा वेग व दिशा यांचाही अंदाज बांधता येतो. पण वादळ किती मोठे होईल हे लोटातील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरते. ते दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी त्याची जोडणी होऊन ऊर्जा आत शिरते. ही दिशा सूर्याच्या छायाचित्रांतून खात्रीने वाचता येत नाही. लोट एल-1 वरून जाताना चुंबकमापकाला ती कळते, पण तेव्हा सेकंदाला 400 किमी वेगाने निघालेल्या सौरवातासाठी हातात सुमारे एक तास, आणि 800 किमी वेगासाठी अर्धाच तास उरतो. म्हणून अवकाश हवामानाची सेवा एका उपकरणावर चालत नाही. सूर्यबिंब पाहणारी दुर्बीण दिवसांची सूचना देते, रेडिओ लुकलुक वाटेची स्थिती सांगते, एल-1 वरील मापके अखेरची खात्री करतात आणि अलिबागसारख्या वेधशाळा प्रत्यक्ष परिणाम मोजतात.

आदित्य एल-1 ची नियोजित कालमर्यादा पाच वर्षांची आहे. 2024 मध्ये सूर्याचे 25 वे चक्र कमाल सक्रियतेच्या काळात पोहोचले होते. सरासरी अकरा वर्षांचे हे चक्र कमाल सक्रियतेनंतर उताराला लागते. त्यामुळे या मोहिमेत सूट सूर्याचा भर आणि त्याची ओसरण, दोन्ही त्याच 11 फिल्टरांतून मोजेल.